पेट्रोलवरून दादाशी बोलणं बंद झालंय, ताई, चूक कोणाची?

पत्र थोडं कापून देतेय, बाकी शब्द त्याचेच:

"ताई, मी डिचोलीचा, वय ३६. वेर्ण्याला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कंपनीत कामाला. रोज बाईकने जातो येतो, चाळीसेक किलोमीटर जायला आणि तेवढंच यायला. पेट्रोल वाढलं की आमचं महिन्याचं गणित पार विस्कटतं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे मूळ घरी जमलो होतो, जेवताना हाच विषय निघाला. दादा पार्टीचं काम करतो. तो म्हणे भाव आंतरराष्ट्रीय बाजार ठरवतो, सरकार काय करणार, आणि काँग्रेसने ठेवलेलं ऑइल बाँडचं कर्ज आम्हीच फेडलं. मी म्हटलं तुम्ही लोकांनी नुसतं लुटलंय. आवाज चढले, मी ताटावरून उठलो. तेव्हापासून बोलणं बंद. वहिनी दोघांच्या मध्ये सापडलीय. परवा पंपावर पेट्रोल घालणाऱ्या पोरालाही नको ते बोललो. बायको म्हणते इलेक्ट्रिक स्कूटर घे आणि एकदाचा शांत हो. माझी बाईक २०१६ ची, मायलेज ४५ वरून ३७ वर आलंय, मला वाटतं हे इथेनॉलमुळे. दादा म्हणतो तुझ्या मनाचे खेळ. सांगा, चूक माझी की त्याची?"

अरे बाबा, पहिलं हे की चवथीच्या ताटावरून उठायचं नसतं. वर माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधलेली, खाली वहिनीने पहाटेपासून राबून वाढलेलं पान, आणि तू कच्च्या तेलावरून उठून गेलास! त्याबद्दल वहिनीची माफी मागायची, दादाची नंतर बघू. आणि पंपावरच्या पोराचीही. त्या पोराला भावातलं काय मिळतं? पंपमालकालाच लिटरमागे चारेक रुपये कमिशन, त्यातून लाईट, पगार, मशीनची देखभाल सगळं, आणि त्या पोराला महिन्याचा ठरलेला पगार, भाव वाढला तरी तोच आणि उतरला तरी तोच. दिवसभर उन्हात उभं राहून दुसऱ्याने ठरवलेल्या आकड्याबद्दल शिव्या खायच्या हे काय त्याचं काम नाही.

आता चूक कोणाची. तुम्ही दोघेही अर्धं अर्धं बरोबर बोलताय आणि दोघेही आपलं अर्धं संपूर्ण म्हणून दुसऱ्याच्या तोंडावर मारताय. मी हिशेब मांडते, तू वाच, आणि जमलं तर दादालाही वाचायला दे, पण 'बघ मी जिंकलो' असं म्हणून नको देऊस.

दादाचं बरोबर काय? आपला देश लागतं त्यातलं पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरून आणतो, डॉलरमध्ये. बॅरल महागलं किंवा रुपया घसरला तर फटका बसणारच, दिल्लीत कोणीही बसलेलं असो. पेट्रोलचा भाव सरकारी नियंत्रणातून काढला तो जून २०१० मध्ये, म्हणजे काँग्रेसच्या राज्यात. डिझेलचा काढला ऑक्टोबर २०१४ मध्ये, मोदी सरकारने. म्हणजे बाजारावर सोडून द्यायचं हे धोरण दोन्ही पक्षांचं, त्यावर त्यांचं भांडण नाहीच. २०१७ च्या जूनपासून तर रोज सकाळी सहाला नवा भाव, असं ठरलं.

पण खरंच रोज बदलतो का? आठव जरा. ४ नोव्हेंबर २०२१ पासून भाव जागचा हलला नाही, १३७ दिवस. मध्ये १४ फेब्रुवारी २०२२ ला आपण इथे मतदान केलं, यूपी पंजाबमध्येही निवडणुका, त्यातच रशियाने युक्रेनवर हल्ला केला, बॅरल शंभर डॉलरच्या वर गेलं, तरी आपला पंप शांत. १० मार्चला निकाल लागले आणि २२ मार्चपासून सुरू, सोळा दिवसांत चौदा वाढी, लिटरला दहा रुपये. आता आंतरराष्ट्रीय बाजाराला गोव्याच्या निवडणुकीची तारीख कशी काय कळली बुवा? हा प्रश्न दादाला विचार, पण हसत विचार. त्याच्याकडे उत्तर नसेल आणि त्याला ते माहीतही असेल.

आणि उलटंही झालंय, ते तू बोलत नाहीस. त्या २०२२ मध्ये भाव गोठवल्यामुळे तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत एकवीस हजार कोटींच्या आसपास तोटा सोसला, तो तुझ्या माथी आला नाही. मग तेल उतरलं तेव्हा त्यांनी भाव उतरवला नाही, २०२३-२४ मध्ये मिळून ऐंशी हजार कोटींच्या पुढे नफा कमावला, आणि मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या तोंडावर दोन रुपये कमी केले. म्हणजे 'बाजार ठरवतो' हेही पूर्ण खरं नाही आणि 'फक्त लुटतात' हेही नाही. वाढ आणि कपात कधी करायची हे राजकारण ठरवतं.

आता ऑइल बाँड. हा फॉरवर्ड माझ्याही घरच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा येतो. बाँड म्हणजे सरकारने तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेले कर्जाचे कागद. ते खरे आहेत, साधारण २००५ ते २०१० मध्ये काढले, त्यातले २०१४ मध्ये १ लाख ३४ हजार कोटींच्या आसपास फेडायचे उरले होते. पेट्रोल स्वस्त दाखवायचं आणि बिल पुढच्यांच्या नावावर टाकायचं, ही काँग्रेसची चलाखीच, त्यात मी काही पांघरूण घालत नाही. पण व्याज वर्षाला दहा हजार कोटींच्या आसपास, आणि एकट्या २०२०-२१ मध्ये केंद्राने पेट्रोल-डिझेलवरच्या एक्साइजमधून, म्हणजे उत्पादन शुल्कातून, साडेतीन लाख कोटींच्या वर गोळा केले. दहा हजार कोटींचं व्याज भरायला साडेतीन लाख कोटी लागत नाहीत, एवढं गणित दादा करू शकतो, तो पतसंस्थेचे कागद बघतो ना?

मुद्दा इथे आहे, टॅक्समध्ये. २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राची एक्साइज लिटरला ९ रुपये ४८ पैसे होती. तेव्हा बॅरल शंभर डॉलरच्या वर होतं. मग तेल कोसळलं, २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरच्या खाली गेलं, आणि तेल जसजसं उतरलं तसतशी एक्साइज चढवली, ग्राहकाकडे फार थोडं पोचलं. २०२० च्या मे मध्ये, सगळे लॉकडाऊनमध्ये घरी बसलेले, तेलाला जगात गिऱ्हाईक नाही, तेव्हा एका झटक्यात पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये वाढवून पेट्रोलची एक्साइज ३२ रुपये ९८ पैशांवर नेली. २०२१ च्या बजेटात ती ३२ रुपये ९० पैसे झाली, नंतर त्याच वर्षी नोव्हेंबरात पाच आणि २०२२ च्या मे मध्ये आठ रुपये कमी केले, १९ रुपये ९० पैसे झाली. एप्रिल २०२५ मध्ये परत दोन वाढवले. त्या वेळी पंपावरचा आकडा हलला नाही म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, पण तेल उतरलं होतं, म्हणजे ते दोन रुपये आपल्याला मिळायला हवे होते ते तिकडे गेले. तेल चढलं की आपण भरायचं आणि उतरलं की सरकारने वाचवायचं, माझा राग याच्यावर आहे, आणि तुझाही यावरच असायला हवा, दादावर नको.

बरं, यात अजून एक गंमत, जी टीव्हीवर ओरडणारे कोणी नीट सांगत नाहीत. या एक्साइजमधला 'बेसिक' म्हणून जो भाग असतो तेवढाच राज्यांबरोबर वाटायचा असतो. तो २०२१ मध्येच पेट्रोलवर १ रुपया ४० पैशांवर आणून ठेवला, बाकी सगळं सेस आणि सरचार्ज या नावाखाली, त्यात राज्याला वाटा नाही. म्हणून राज्यं आपला व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीकर, सोडायला तयार नसतात. जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल बाहेर ठेवलं ते आजतागायत बाहेरच. सप्टेंबर २०२१ ला जीएसटी कौन्सिलच्या लखनौच्या बैठकीत विषय निघाला होता आणि सगळ्या पक्षांच्या राज्यांनी मिळून तो मिटवला. विरोधातले तेवढे ओरडतात, सत्तेत आले की गप्प.

आणि आता आपलं घर, गोवा. इथे तुम्ही दोघेही दिल्लीवर भांडत बसलात आणि पर्वरीचं, म्हणजे आपल्या राज्य सरकारचं, नाव कोणी काढलं नाही याचं मला नवल वाटलं.

२०१२ आठवतं ना? पर्रीकरांनी निवडणुकीआधी पेट्रोल स्वस्त करतो म्हणून सांगितलं आणि आल्या आल्या पेट्रोलवरचा व्हॅट वीस टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, अकरा रुपयांच्या आसपास पेट्रोल उतरलं. तू तेव्हा नुकता नोकरीला लागला असशील. लोक बाकीचं विसरले पण हे आठवतात. करून दाखवता येतं हे त्यातून दिसलं. पण तो पैसा कुठून तरी यायला हवा होता आणि त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद झाल्या. तुला डिचोलीकराला खाणी बंद म्हणजे काय हे मी काय सांगणार, ट्रक दारात उभे, हप्ते थकलेले. सरकारचाही खाणीचा पैसा आटला, आणि मग व्हॅट टप्प्याटप्प्याने चढत परत होता तिथे आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर राज्याने सात रुपये कमी केले, जून २०२४ मध्ये लोकसभा होऊन गेल्यावर पेट्रोल रुपयाने आणि डिझेल छत्तीस पैशांनी वाढवलं. तारखा बघून घे, मी काही जास्त बोलत नाही.

शिवाय राज्याचा व्हॅट टक्क्यात असतो आणि तो केंद्राच्या एक्साइजवरही लागतो. टॅक्सवर टॅक्स. म्हणजे बॅरल महागलं की केंद्राचे रुपये तेवढेच राहतात पण राज्याची कमाई आपोआप वाढते. पेट्रोल महागल्याचं दुःख करणारं राज्य सरकार त्या महागाईत चार पैसे जास्तच मिळवत असतं.

तरी आपण सुखी म्हणायचं. वहिनीचं माहेर बांद्याला ना? तिच्या भावाला विचार तो टाकी कुठे भरतो. पत्रादेवीला नाहीतर दोडामार्गच्या अलीकडे, गोव्याच्या हद्दीत. कारण पलीकडे महाराष्ट्रात व्हॅट पंचवीस टक्के आणि वर लिटरला पाच रुपये बारा पैसे वेगळे. तेल तेच, कंपनी तीच, रस्ता तोच, आणि हद्द ओलांडली की भाव बदलतो. भाव फक्त बाजार ठरवतो म्हणणाऱ्याला बांद्याला एक चक्कर मारून आणायची.

आता तुझ्या खिशाचं. ऐंशी किलोमीटर रोज, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे तुझ्या जुन्या ४५ च्या मायलेजने पंचेचाळीस लिटरच्या आसपास. ९७ च्या घरात भाव होता तेव्हा त्यात केंद्राचे जवळपास बावीस आणि राज्याचे सतराच्या आसपास, मिळून चाळिसाला एक कमी. म्हणजे तेव्हा तू महिन्याला सतराशेच्या वर रुपये नुसता टॅक्स भरत होतास, इन्कम टॅक्स भरत नसलास तरी. हा आकडा दादाला सांग, 'लुटलं' म्हणण्यापेक्षा तो जास्त लागेल. पण हेही बघ की भाव पाच रुपयांनी चढला तर तुझ्या बाईकचा खर्च सव्वादोनशेने वाढतो. त्रास आहे, पण घराचं बजेट तेवढ्याने कोसळत नाही. कोसळतं ते डिझेलने. आपली भाजी बेळगावहून चोर्ला घाटातून येते, ट्रॉलर डिझेलवर जातात, नुस्तें (मासे) आणणारी रिक्षा, खासगी बस, सगळं डिझेल. त्याचा टॅक्स तुझ्या पावतीवर दिसत नाही, कांद्या-बांगड्याच्या भावात येतो. म्हणून भांडायचंच असेल तर पेट्रोलपेक्षा डिझेलवरच्या टॅक्ससाठी भांड, ते फार कोणी करत नाही कारण मोटारसायकलवाल्यांचा आवाज मोठा.

इथेनॉल. दादा म्हणतो मनाचे खेळ, तसं नाही. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा एकतृतीयांशाने कमी, हे केमिस्ट्री आहे, त्याला पक्ष नाही. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात लिहिलंय की जुन्या पद्धतीच्या दुचाकींचं मायलेज तीन-चार टक्के पडेल, चारचाकींचं सहा-सात. आणि हेही लिहिलंय की ऊर्जा कमी म्हणून हे पेट्रोल ग्राहकाला स्वस्त द्यायला पाहिजे. ते मात्र कोणी केलं नाही, ऊसवाल्यांचा फायदा झाला, परकीय चलन वाचलं म्हणतात, वाचलंही असेल, पण मायलेजची कात्री आपल्या खिशाला. हा राग रास्त आहे. पण बाबा, ४५ चे चार टक्के म्हणजे दोन किलोमीटरसुद्धा नाहीत. तुझं आठने पडलंय. उरलेले सहा इथेनॉलने नाही खाल्ले. कार्बोरेटर, एअर फिल्टर, चेन, टायरमधली हवा, क्लच, आणि बाईकचं वय, हे सगळं मेकॅनिककडून बघून घे, आणि जुन्या बाईकला रबरचे पाइप, सील फुगलेत का तेही बघायला सांग, इथेनॉलने ते खराब होऊ शकतात. सरकारवर राग काढण्याआधी चेनला तेल घाल.

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी का? बायकोचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही, आपल्याकडे घरगुती वीज बऱ्याच राज्यांपेक्षा स्वस्त आहे आणि रोजचा खर्च खूपच कमी होईल. पण तुझं येणंजाणं ऐंशी. कंपनी कागदावर जे रेंज सांगते त्यातून पंचवीस-तीस टक्के काढून ठेव, वर जुवारी पुलावरचा वारा, जुलैचा पाऊस, मागे बसलेलं माणूस, आणि तीन-चार वर्षांनी बॅटरी थकणार ते वेगळंच. सांगितलेली रेंज १३० च्या वर असेल तरच विचार कर आणि त्याआधी कंपनीत एचआरला विचार, पार्किंगमध्ये चार्जिंगला एक साधा पॉइंट देतात का. तो मिळाला तर डोळे मिटून घे. नाही मिळाला तर रोज रात्री घरी पोचेन की नाही हा ताण पेट्रोलच्या ताणापेक्षा वाईट. सबसिडी मिळेल म्हणून मात्र घेऊ नकोस, आज असते उद्या नसते, मिळाली तर वरकमाई समजायची. आणि इलेक्ट्रिक घेतली म्हणजे राजकारणातून सुटलो असं समजू नकोस हां. आपण वीज बाहेरून आणतो, बरीचशी कोळशाची. तमनारची विजेची लाइन मोलेच्या जंगलातून न्यायची की नाही यावरून वाद झाला, आणि २०२० मध्ये लोक चांदरला रात्री रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसले होते, कोळशासाठी रेल्वेमार्ग दुपदरी नको म्हणून. तो वादही जेवणाच्या टेबलावर येईलच कधीतरी.

मला विचारशील तर तुझं खरं दुखणं पेट्रोल नाहीच, बस आहे. डिचोलीहून वेर्ण्याला वेळेवर पोचवणारी आणि संध्याकाळी सातनंतर परत आणणारी बस असती तर तू बाईक काढली असतीस का? पणजीपर्यंत येता येतं, तिथून पुढे परत बस बदला, आणि उशीर झाला तर परतीची शेवटची गाडी गेलेली. म्हणून आपल्याकडे घरात माणसं तेवढ्या गाड्या. पर्याय नसला की भाव कितीही वाढवा, माणूस भरतोच, आणि हे टॅक्स लावणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. वरच्या हिशेबाने तू वर्षाला वीस हजारांच्या वर पेट्रोलवरचा टॅक्स दिलास, तुझ्यासारखे तुझ्याच इस्टेटमध्ये डिचोली-साखळीचे किती जण असतील बघ. तेवढ्यांनी मिळून शिफ्टच्या वेळेची कदंब महामंडळाची बस मागायची. व्हॅट कमी करा म्हणून अर्ज केलास तर दिल्लीकडे बोट दाखवतील, बस मागितलीस तर दाखवायला बोट नाही, महामंडळ राज्याचंच. कंपन्यांकडून शिफ्टच्या वेळा लिहून घे, साखळी, डिचोली कुठून किती जण चढणार त्यांची नावं सह्यांसकट घे, आकडे असलेला कागद सहजासहजी फेकत नाहीत.

आता दादाला फोन. रविवारी सकाळी कर, बातम्यांच्या वेळी नको. आधी वहिनीला, ताटावरून उठलो ते चुकलं एवढंच, त्याला 'पण' लावायचा नाही. मग दादाशी पोरांचं, आईच्या गोळ्यांचं, शेताचं बोल. पेट्रोल त्यानेच काढलं तर भांडू नकोस, त्या अर्जाबद्दल सांग आणि पहिली सही त्याची माग. पार्टीचा माणूस आहे, आमदाराच्या टेबलापर्यंत कागद न्यायला तुला सहा महिने लागतील, तो एका दुपारी नेईल, आणि नेला की चार लोकांना सांगेलही की बस मी आणली. सांगू दे.